बिनहाताची खुर्ची

"बसता कशावर?" डॉक्टरांनी विचारलं.

मी त्यांच्या टेबलावर पालथा पडलो होतो आणि ते माझ्या कमरेवर अंगठा दाबत होते. "खुर्चीवर," मी म्हणालो.

"ते कळलं हो. कसल्या?"

हा प्रश्न मला अकरा वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. माझी खुर्ची लाकडी होती. वेताची बैठक फाटल्यावर वर प्लायवूडचा तुकडा ठोकला होता. पाठीला तीन आडव्या पट्ट्या होत्या, त्यातली मधली मी रुजू होण्याआधीच निखळली होती. एक पाय आखूड, म्हणून त्याखाली परिपत्रकाची घडी. नवं परिपत्रक आलं की मी जुनं काढून नवं घालायचो, त्यामुळे खुर्ची कायम ताज्या नियमांवर उभी असायची. हे सगळं मी पालथ्या स्थितीत सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.

त्यांनी मला सरळ उभं केलं आणि बसायचं कसं ते शिकवलं. पावलं जमिनीवर सपाट. गुडघे काटकोनात. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन बोटं जातील एवढी जागा. कमरेच्या खोलगट भागाला आधार. आणि कोपरं टेकायला हात हवेत, म्हणजे खांद्यावर ओझं येत नाही. हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, गोळ्यांच्या वर.

"आणि नाही मिळाली अशी खुर्ची तर?"

"तर चाळिशीत काठी घ्या," ते म्हणाले.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात लिपिक होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण माझी पेन्शनची कागदपत्रं अजून त्यांच्याच कपाटात आहेत. वर्ष अठ्ठ्याण्णव.

आमचे कार्यालय अधीक्षक निकम साहेब. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि पुसला.

"माहुलकर, यात 'हात असलेली' असं लिहिलंय."

"हो साहेब. कोपरं टेकायला."

"या ऑफिसात हाताची खुर्ची एकच आहे." त्यांनी आपल्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे ठेवले. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल होता, तो दर सोमवारी बदलला जाई. "माझ्या अगोदरचे अधीक्षक चौदा वर्षं बिनहाताच्या खुर्चीवर होते. अधीक्षक झाले त्या दिवशी हात आले. तुमच्या कोपरांनी तेवढी घाई केली तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"साहेब, पाठीचा प्रश्न आहे."

"पाठीला कोण नाही म्हणतंय? मी हातांबद्दल बोलतोय."

शेवटी असं ठरलं की पुण्याच्या एका दुकानातून नमुन्यादाखल एक खुर्ची मागवायची आणि ती कशी वाटते ते बघून पुढचं ठरवायचं. मी तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराची मानसिक तयारी केली होती, पण खुर्ची सतराव्या दिवशी आली. टेम्पोतून, दोरीनं बांधून, प्लास्टिकच्या पिशवीत. चाकांची, फिरती, काळ्या कापडाची. पाठ कमरेपाशी पुढं आलेली, अगदी डॉक्टरांनी अंगठा दाबला होता तिथं. मी तिच्याकडं बघतच राहिलो. लग्नाच्या वेळी बायकोला बघायला गेलो होतो तेव्हा एवढा वेळ बघायची सोय नव्हती.

निकम साहेबांनी ज्ञानूला पाना आणायला सांगितलं. ज्ञानू आमचा शिपाई. खाली बसून त्यानं खुर्चीचे दोन्ही हात काढले आणि दोन हातांत दोन हात धरून उभा राहिला.

"साहेब, ह्ये हात कुटं ठिवू?"

"कपाटात. वर लेबल लाव."

"आन ही पिशवी? फाडू का?"

"अरे, नमुना आहे. परत करावी लागली तर?"

अशी ती बिनहाताची, प्लास्टिकमधली खुर्ची आमच्या ऑफिसात राहायला आली.

आता गंमत अशी की खुर्ची माझ्या पाठीसाठी आली होती, पण नमुना सगळ्यांचा होता. निकम साहेबांनी ठरवलं की प्रत्येकानं ज्येष्ठतेनुसार एकेक दिवस खुर्चीवर बसावं आणि लेखी अभिप्राय द्यावा. ज्येष्ठतेत पहिल्या शेवडेबाई, मग खुद्द साहेब, मग घार्गे आणि मग मी. माझ्यामागं आणखी सातजण होते.

पहिल्या आठवड्यात ऑफिसात जे झालं ते साथीच्या रोगात होतं. जो खुर्चीवर बसून उठला त्याची पाठ दुखायला लागली. साहेब बसले आणि संध्याकाळी मानेला हात लावून म्हणाले, "मला इतके दिवस वाटायचं की हे वयानं आहे." घार्गे आमच्यातला धडधाकट माणूस, रविवारी विहिरीत सूर मारणारा. त्यानं अभिप्रायात लिहिलं, 'खुर्ची फिरती असल्यामुळे मागे बसणाऱ्या सहकाऱ्याशी बोलणे सोयीचे जाते. पाठदुखी बरीच जुनी असल्याचे लक्षात आले.' ज्ञानूलाही कुणीतरी विचारलं.

"मऊ हाय," तो म्हणाला, "पर मला बसाया येळ कुनी दिलाय आजवर?"

माझा दिवस गुरुवार होता. तो मी विसरणार नाही. साडेदहाला बसलो. प्लास्टिक चरचरलं. पावलं सपाट, गुडघे काटकोनात, दोन बोटं घालून बघितली, बरोबर दोन गेली. आणि दुपारी एक वाजता माझ्या लक्षात आलं की मी अडीच तास पाठीचा विचार केलेला नाही. डोळ्यांत पाणी आलं. लाजायचं काही कारण नाही, खरंच आलं. संध्याकाळी साडेपाचला ज्ञानू पुढच्या माणसासाठी खुर्ची ढकलत घेऊन गेला. त्याच वेळी मी ठरवलं की ही खुर्ची मी सोडणार नाही.

एकट्या शेवडेबाई तिच्यावर बसल्या नाहीत.

शेवडेबाई आमच्या टंकलेखिका. अठ्ठावीस वर्षं संस्थेचा प्रत्येक आदेश, प्रत्येक नेमणूक, प्रत्येक ताकीद त्यांच्या बोटांतून बाहेर पडली होती. त्या स्टुलावर बसायच्या. साधं लाकडी स्टूल, पाठ नाही, हात नाहीत. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, मान सरळ, पाठ सरळ. सकाळी साडेदहाला जशा बसलेल्या दिसत तशाच संध्याकाळी साडेपाचला. निकम साहेब नव्या माणसाला दाखवायचे, "बसावं कसं, ते बाईंकडे बघा." कागद खाली पडला तर बाई वाकायच्या नाहीत. फूटपट्टीनं ओढायच्या, नाहीतर ज्ञानूची वाट बघायच्या. घार्गे याला ताठा म्हणायचा. मीही म्हणायचो, पण हळू आवाजात.

त्यांच्या दिवशी त्यांनी नव्या खुर्चीवर फायली ठेवल्या आणि स्टुलावर बसून दिवसभर काम केलं. अभिप्राय एका ओळीत दिला: 'खुर्ची चांगली आहे. मला नको.'

पुढच्या बैठकीत निकम साहेब म्हणाले, "ज्येष्ठतेनुसार पहिला मान बाईंचा. त्यांना नको. म्हणजे माझा."

"साहेब, तुम्हाला आहे की," मी म्हणालो.

"माझी पाहुण्यांना होईल."

आणि त्यांच्यानंतर घार्गे होताच. माझी पाळी माझ्या रिटायरमेंटच्या आसपास आली असती. मी उभा राहिलो. आयुष्यात बैठकीत उभं राहून बोलायची ती माझी पहिली वेळ होती, आणि तेवढं चांगलं मी नंतर कधी बोललो नाही.

"साहेब, खुर्ची ज्येष्ठतेसाठी आलेली नाही, पाठीसाठी आलीय. ज्याची पाठ सगळ्यांत वाईट, त्याला ती मिळावी. कुणाची वाईट हे आपण नाही ठरवायचं. डॉक्टरांकडून सगळ्यांची तपासणी करून घेऊ. रिपोर्टप्रमाणे वाटप."

माझा हिशेब सोपा होता. साहेबांना काही नव्हतं. घार्गेला तर काहीच नव्हतं. आणि बाई, ज्यांची पाठ अख्ख्या ऑफिसला दाखवली जायची, त्यांचा हक्क एकदाचा कागदावर संपला असता. उरत होतो मी.

साहेब विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "आरोग्य तपासणी शिबिर," ते म्हणाले. "वार्षिक अहवालात येईल."

तपासणीचा तक्ता मीच आखला. नाव, वय, सेवेची वर्षं, कण्याची स्थिती, आणि शेवटचा रकाना: 'सध्याच्या आसनावर बसून काम करण्यास योग्य किंवा अयोग्य'. मला तिथं माझ्या नावापुढं 'अयोग्य' हवं होतं, म्हणून तो रकाना. मसुदा बाईंकडे दिला. थोड्या वेळानं त्यांनी मान न वळवता विचारलं, "माहुलकर, 'सध्याच्या आसनावर' एवढं रकान्यात मावत नाही. ठेवू की काढू?"

"काढा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाई माझ्या टेबलापाशी आल्या. बाकीचे डबे घेऊन बाहेर गेले होते. त्या उभ्याच राहिल्या. मी माझी खुर्ची पुढं केली तर हातानंच नको म्हणाल्या.

"तपासणीच्या यादीतून माझं नाव गाळता येईल का?"

"का हो बाई?"

"मला खुर्ची नको आहे. तसं लिहून दिलंय मी."

"पण सगळ्यांची तपासणी झाली तरच रिपोर्टप्रमाणे वाटप होणार. एक नाव गाळलं तर साहेब म्हणतील, गाळायचंच असेल तर ज्येष्ठतेनंच द्या."

"मला एक वर्ष चार महिने राहिलेत. तेवढे नीट काढायचेत. घरी भाऊ अंथरुणावर आहे, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. भावाला अर्धांगाचा झटका आला होता, आणि पूर्ण पेन्शन मिळाल्याशिवाय बाईंचं भागणार नव्हतं. पण त्याचा पाठीच्या तपासणीशी काय संबंध, हे मला कळलं नाही. खरं म्हणजे कळून घ्यायला मी एक मिनिटही थांबलो नाही. मला वाटलं, बाईंना संकोच वाटतोय. अविवाहित बाई, पन्नाशी उलटलेली, परक्या पुरुष डॉक्टरपुढं पाठ उघडी करायची म्हणजे अवघडच की.

"यादी मीच टाईप करणार आहे," त्या म्हणाल्या. "नाव मी गाळू शकते. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय गाळणार नाही."

"बाई, काळजी करू नका," मी म्हणालो. "मी बघतो काय ते."

आणि मी बघितलं. सायकल काढली आणि गावात नव्यानंच आलेल्या डॉक्टर फाळके मॅडमकडे गेलो. तरुण, हुशार, हाडांच्या डॉक्टर. त्या यायला तयार झाल्या. ऑफिसात परत आल्या आल्या मी बाईंच्या टेबलापाशी गेलो. मला माझंच कौतुक वाटत होतं.

"झालं बाई तुमचं काम. लेडी डॉक्टर ठरवल्यात."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते मी मोजलं नाही. पण टाईपरायटरवरची त्यांची बोटं उचललेली तशीच राहिली होती.

"बरं," त्या म्हणाल्या आणि यादी टाईप करायला लागल्या. पहिलं नाव, शेवडे इंदुमती केशव.

शिबिर शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झालं. मध्ये पडदा लावला होता. पाठ तपासायला गेलेला माणूस पडद्याआड जाई आणि बाहेर येताना सगळ्यांना सांगे की काही नाही निघालं, पण सांभाळायला सांगितलंय. घार्गेनं जाताना सदरा बाहेरच काढून ठेवला. साहेब टाय लावून आले होते. बाई पहिल्या नंबरच्या असून शेवटी गेल्या. पडद्याआड पाऊण तास होत्या. बाहेर आल्या त्या तशाच, सरळ. कुणाशी काही न बोलता ऑफिसात गेल्या आणि टाईपरायटरचा आवाज सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी पाकीट आलं. टपाल फोडायचं काम माझं. मी सगळ्यांत आधी माझं नाव शोधलं.

'कण्यात दोष नाही. पोट सुटल्यामुळे कमरेवर ताण. रोज सकाळी पाऊण तास चालावे. बसून काम करण्यास योग्य. वेगळ्या खुर्चीची गरज नाही.'

मी ते तीनदा वाचलं. पोट! अकरा वर्षं मोडक्या पट्टीला टेकून बसलो, रात्र रात्र कूस बदलली, आणि डॉक्टर लिहितात पोट. कान तापले होते माझे. त्याच रागात मी बाकीची पानं उलटत गेलो आणि शेवटच्या पानावर थांबलो.

शेवडेबाईंना एकोणऐंशी साली हाडाचा क्षय झाला होता. कण्याचे दोन मणके झिजलेले. त्या एकोणीस वर्षं मिरजेला करून घेतलेला कातडी-लोखंडी पट्टा बांधून बसत होत्या, काखेपासून कमरेपर्यंत. तो सोडला की पाठ सरळ राहत नव्हती. ताठा तो पट्ट्याचा होता. टेकायची खुर्ची त्यांना नको होती, कारण मागं टेकलं की पट्ट्याची कड रुतायची. हे सगळं डॉक्टर फाळक्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं आणि शेवटच्या रकान्यात, मी आखलेल्या, नुसतं 'बसून काम करण्यास' एवढंच उरलेल्या रकान्यात, 'अयोग्य' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढं मला कळलं की डॉक्टरांना वाटलं होतं, एवढं कडक लिहिलं की बाईंना खुर्ची नक्की मिळेल.

आता मला जे सांगायचंय ते इथं आहे. पाकीट मी फोडलं होतं. पानं माझ्या हातात होती. ऑफिसात दुसऱ्या कुणीही ती वाचली नव्हती. शेवटचं पान काढून मी खिशात घातलं असतं, डॉक्टरांकडे सायकलवर गेलो असतो, 'सध्याच्या आसनावर' हे शब्द वर लिहून घेऊन पान परत जागेवर लावलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. हे सगळं मला त्याच क्षणी सुचलं होतं. पण शेवटचं पान काढायचं तर मग माझंही का नको, असं मनात आलं. आणि माझं पान काढता येत नव्हतं, कारण साहेबांनी स्वतः मोजून अकरा फॉर्म दिले होते. माझं पोट सगळ्या ऑफिससमोर वाचलं जाणार आणि दुसऱ्याचं काही झाकलं जाणार, हे मला सहन झालं नाही. इतकंच. यापेक्षा मोठं कारण मी इतक्या वर्षांत शोधलं, मिळालं नाही.

मी अकराही पानं टाचणी लावून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

निकम साहेब वाईट माणूस नव्हते. वाचून त्यांचे डोळे भरून आले. "एकोणीस वर्षं!" ते म्हणाले, "आणि आपल्याला पत्ता नाही!" ते स्वतः संस्थेच्या कार्यवाहांकडे गेले. कार्यवाहही हळहळले. आणि सगळ्यांनी मिळून नियमाप्रमाणे जे व्हायचं ते केलं. डॉक्टरांनी अयोग्य ठरवलेल्या व्यक्तीला कामावर ठेवलं आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? दोन आदेश निघाले. पहिला, सर्वांत खराब पाठ असल्यामुळे नवी खुर्ची श्रीमती शेवडे यांना देण्यात येत आहे. दुसरा, वैद्यकीय कारणास्तव श्रीमती शेवडे यांना महिनाअखेर सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.

मसुदे मी लिहिले. टाईप करायला दुसरं कुणी नव्हतं.

मी कागद त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि जागेवर येऊन बसलो. खाली बघत राहिलो. पहिला आदेश झाला. दुसरा सुरू झाला. मध्येच आवाज थांबला.

"माहुलकर."

"अं?"

"दुसऱ्या परिच्छेदात 'अयोग्य' दोनदा आलंय. एक काढू का?"

"काढा," मी म्हणालो.

आवाज पुन्हा सुरू झाला. त्या आदेशात एकही खाडाखोड नव्हती. त्यांच्या कुठल्याच आदेशात नसायची.

निरोप समारंभ झाला. साहेबांनी ज्ञानूला सांगून खास त्या दिवसासाठी खुर्चीला हात परत बसवून घेतले. प्लास्टिकही काढलं. "आज बाईंचा मान आहे," ते म्हणाले. व्यासपीठावर ती खुर्ची मध्यभागी ठेवली, पाठीवर टॉवेल टाकला. बाई तिच्यावर बसल्या नाहीत. शाल आणि नारळ घेऊन भाषणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. घार्गे माझ्या कानात म्हणाला, "बघा, अजून ताठा." त्याला रिपोर्ट माहीत होता, तरी म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मारली असती तर ती कुणाला बसायला हवी होती हेही मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं पुन्हा हात काढले, कपाटात ठेवले आणि खुर्ची ढकलत माझ्या टेबलापाशी आणली. "साहेबांनी सांगितलंय. आता तुमीच बसा." साहेबांना वाटलं असावं की शिबिराची कल्पना माझी होती, तर काहीतरी मला मिळायला हवं.

मी तिच्यावर अकरा वर्षं बसलो. खुर्ची उत्तम होती.

पाठ सहा महिन्यांत बरी झाली, पण तिच्यामुळं नाही. मी चालायला लागलो होतो. बाईंना सेवामुक्त करून महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात त्या कोर्टाच्या आवारात टाईपरायटर घेऊन बसायला लागल्या होत्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. पूर्ण पेन्शन गेली होती, भाऊ घरी होता. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, पत्र्याच्या शेडखाली, स्टुलावर. बसून काम करण्यास अयोग्य. कोर्टावरून माझा सरळ रस्ता होता. सकाळी सहाला तिथं कुणी नसतं हे मला माहीत होतं, तरी मी मागच्या ओढ्यावरून वळसा घालून जायचो. त्यामुळं रोज मैलभर जास्त चालणं व्हायचं. माझं पोट उतरलं ते त्या वळशामुळं.

दोन हजार नऊ साली ऑफिसात नवं फर्निचर आलं. सगळ्यांना हाताच्या खुर्च्या, ज्ञानूच्या जागी आलेल्या माणसालासुद्धा. निकम साहेब तोवर गेले होते, नाहीतर तो धक्का त्यांना सोसला नसता. जुनं सामान ज्याला हवं त्यानं न्यावं असं ठरलं. मी खुर्ची घेतली. कपाट उघडून हात शोधले. लेबल अजून होतं. घरी बसून स्वतः ते हात बसवले, कापड धुतलं, चाकांना तेल घातलं. हातगाडी बोलावली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा सरळ रस्त्यानं कोर्टाकडं निघालो. वाटेत एक वाक्य तयार करत होतो. तसं ते बऱ्याच वर्षांपासून तयार होतं, फक्त म्हणायचं होतं.

बाई सदुसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. केस पांढरे झाले होते. पदर तसाच, दोन्ही खांद्यांवरून. समोर एक म्हातारा उभा राहून काहीतरी सांगत होता आणि बाई टाईप करत होत्या. त्यांनी मला बघितलं, हातगाडी बघितली आणि कागद पूर्ण करून म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"माहुलकर. बारीक झालात."

"बाई, ही खुर्ची," मी म्हणालो. "तुमच्या नावावरची. आदेश होता."

"आठवतंय. मीच टाईप केला होता." त्यांनी खुर्चीकडं बघितलं. "हात लावलेत वाटतं."

"हो."

"इकडं ठेवा, टेबलाच्या या बाजूला. माणसं तास तास उभी असतात माझ्यापुढं. म्हातारीकोतारी येतात. बसायची सोय होईल त्यांची."

हातगाडीवाल्यानं खुर्ची त्यांनी दाखवली तिथं ठेवली, त्यांच्या समोर, स्टुलाच्या पलीकडं.

"बसा," बाई म्हणाल्या.

मी बसलो. त्यांनी कोरा कागद घातला, रूळ फिरवला आणि बोटं कळांवर ठेवली.

"बोला. काय लिहायचं?"

म्हणायचं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण त्यांची बोटं कळांवर होती. म्हणजे मी जे बोलेन ते त्या टाईप करणार होत्या, आणि मला ते कागदावर यायला नको होतं. तेव्हाही नको होतं, आजही नको होतं. माझी मला लाज वाटली.

"अर्ज," मी म्हणालो. "रहिवासी दाखल्याचा."

"कशासाठी हवाय दाखला?"

"असाच."

"असाच देत नाहीत. कारण लिहावं लागतं."

मग त्यांनी स्वतःच काहीतरी टाईप केलं आणि पुढं गेल्या. नाव, पत्ता, वय त्यांनी मला विचारलं नाही. त्यांना ते माहीत होतं. मध्येच न बघता म्हणाल्या, "ताठ बसा, माहुलकर. टेकायची सवय बरी नाही."

मी ताठ बसलो. अर्ज होईपर्यंत पाठ टेकली नाही. कमरेत कळ आली, तशी गेल्या दहा वर्षांत आली नव्हती.

घरी येऊन मी तो कागद वाचला. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'अर्जदारास स्वतःसच ठाऊक'. तो अर्ज मी कधी दिला नाही. अजून कपाटात आहे. त्यात एकही खाडाखोड नाही.